मागचे पटांगण

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला बोर्डिंगच्या कामाचा अहवाल द्यायला सांगितले आहे. तो छापून आपल्या हाती आलाच आहे. धान्य, औषधे, वह्या, निकाल, सगळे त्यात आहे. म्हणून तो वाचून दाखवत नाही. त्यातल्या एकाच ओळीबद्दल बोलते. शेवटच्या पानावर आहे बघा : नव्या सभागृहासाठी जागा, इमारतीमागील मोकळे पटांगण.

ते पटांगण आपल्याला मोकळे दिसते, कारण आपण पाहुणे म्हणून येता तेव्हा मुले स्वागतगीतासाठी पुढच्या व्हरांड्यात ओळीने बसवलेली असतात. संध्याकाळी साडेचारला या. पहिली ते पाचवीची सगळी लेकरे तिथेच असतात. सभागृहाला माझा विरोध नाही. पावसाळ्यात उपासनेला किती अडचण होते, ते मीच पत्रातून कळवले होते. प्रश्न जागेचा आहे.

मागे एका बैठकीत एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला विचारले, "ताई, आदिवासी मुलांना व्यायाम कशाला शिकवायचा? ती तर जन्मतः डोंगर चढणारी." प्रश्न आपुलकीचा होता आणि पुष्कळांच्या मनात तो असतो. घरी असलेले मूल डोंगर चढते, हे खरेच. ते बकऱ्यांमागे जाते, नदीवरून पाणी आणते, चैत्रात पहाटे उठून मोहाची फुले वेचते. पण सहाव्या वर्षी तेच मूल आपल्याकडे बोर्डिंगात येते. मग पहाटेची प्रार्थना बसून, न्याहारी बसून, शाळा बसून, संध्याकाळचा अभ्यास बसून. पूर्वी वर्षभर हिंडणारे पाय आता दिवसभर मांडी घालून असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगली धावपळ हवी, दम लागेल अशी. आपल्या वेळापत्रकात एवढा वेळ फक्त त्या संध्याकाळच्या तासात मिळतो.

आणखी एक गोष्ट. पाणी आणणे, बकऱ्या राखणे, ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या आईबापांमागे धाकट्याला कडेवर घेऊन बसणे, हे कष्ट आहेत. खेळ वेगळा. कष्टात मूल सांगितलेले करते. खेळात ते नियम ठरवते, भांडते, रुसते, पुन्हा येते, हरले तरी दुसऱ्या दिवशी डाव मांडते. आमच्या काही मुलांना हे सुख बोर्डिंगात आल्यावरच पहिल्यांदा भेटले.

दानकर्ते प्रेमाने विचारतात, "मुलांना क्रिकेटचा संच पाठवू का?" पाठवा, नाही म्हणणार नाही. पण लहान मुलांच्या क्रिकेटमध्ये एक फलंदाजी करतो, एक चेंडू टाकतो आणि बाकीचे उन्हात उभे राहून आपली पाळी कधी येते ते बघतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे आणि तोल सांभाळणे एवढे रोज मिळायला हवे. त्यासाठी लंगडी फार उत्तम. एका पायावर तोल राहतो, दम लागतो, आणि सामान म्हणाल तर चुन्याची एक रेघ. लगोरीला सात चपटे दगड आणि चिंध्यांचा चेंडू. सायकलचे जुने टायर आम्ही गावातल्या दुकानातून मागून आणले आहेत. ते पळवायचे, नाहीतर जमिनीवर मांडून त्यांतून उड्या मारत जायचे. विटीदांडू मात्र मी लहानांना देत नाही, डोळ्याला लागते. खो-खो आहे, आट्यापाट्या आहेत. शुक्रवारी लेझीम असते, तेव्हा ढोल वाजवणारा मुलगा स्वतःला कलेक्टर समजतो!

मुलींविषयी थोडे सविस्तर सांगते. चौथीपासून मुली हळूहळू कडेला बसायला लागतात. त्यांना कोणी बाजूला केलेले नसते. मधली जागा मुलांनी धरलेली असते, अंगात फ्रॉक असतो, आणि घरून शिकवण आलेली असते की मोठ्या मुलीने पळू नये. आम्ही दोन गोष्टी केल्या. पटांगणाच्या मध्यावर चुना टाकून अर्धा भाग मुलींचा ठरवला, आणि खेळताना सर्व मुलींनी फ्रॉकखाली चड्डी घालायची म्हणून शिलाई मशीनवाल्या मावशींकडून चड्ड्या शिवून घेतल्या. मागच्या नाताळात ज्या भगिनींनी कापड पाठवले, त्यांचे कापड तिथे लागले. आता पाचवीतल्या मुली कबड्डीत मुलांना ओढून धरतात. पण जागा अर्धी झाली की कोणाचा अर्धा भाग जाईल, हे मला सांगावे लागणार नाही.

आता सिकलसेलविषयी, कारण यात चूक झाली तर खेळच जिवावर येतो. आपल्या सातपुड्याच्या भागात हा रक्ताचा आजार पुष्कळ आहे. आईबापांकडून तो मुलात येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे भयंकर दुखतात. केंद्र सरकारने २०२३ साली या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. असे मूल धावता धावता बसते. माहिती नसलेल्या शिक्षकाला ते आळशी वाटते. एका शाळेत अशा मुलाला कामचुकार ठरवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्याचे मी पाहिले आहे. आपल्याकडे शिक्षा म्हणून पळवणे पूर्ण बंद आहे. ज्यांची तपासणी झाली आहे त्यांची नावे खेळ घेणाऱ्या सरांकडे असतात. पटांगणाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ असतो. खेळाआधी पाणी, मध्ये पाणी, नंतर पाणी. मूल 'बसतो' म्हणाले की प्रश्न न विचारता बसू द्यायचे. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्याला खेळातून वगळायचे नाही. गुण मोजायला तर हमखास घ्यायचे. माठाच्या वर आंब्याची सावली आहे, तीही त्याच जागेत.

आपल्या मंडळीतल्या काहींना वाटते की खेळ हे सेवाकार्याचे अंग नाही. आपला इतिहास वेगळे सांगतो. मद्रासला १९२० साली हॅरी बक या मिशनरी शिक्षकांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. पुढे देशभरच्या शाळांना तिथून क्रीडाशिक्षक मिळाले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपाल सिंग हे मुंडा आदिवासी. रांचीच्या मिशन शाळेत शिकलेले. आपल्या जवळची म्हणाल तर नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतले. ही नावे सांगताना मी जरा सावध असते. आपल्या लेकरांतून एकही पदक आले नाही तरी पटांगण हवेच. जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमेचे चित्र रंगवले, त्यात काठी टेकून बसलेली म्हातारी माणसे आहेत आणि रस्त्यांवर खेळणारी मुलेमुली आहेत. ती जिंकत होती की नाही, ते त्याने लिहिलेले नाही.

व्यवहाराचेही बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी जे निकष घातले, त्यांत मैदान आहे. आणि नकाशाप्रमाणे सभागृह बांधले तर मागे उरणारी पट्टी मी दोरीने मोजली. मोठ्यांच्या कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते. तेवढीही उरत नाही.

दुसरी जागा आहे. स्वयंपाकघराच्या पूर्वेला जुनी लाकडाची वखार पडून आहे. छप्पर गेले आहे, पाया दगडी आहे. सभागृह तिथे थोडे अरुंद होईल, खांब जास्त लागतील, खर्चही वाढेल. किती, ते इंजिनिअरबंधू सांगतील. वाढीव रकमेसाठी ज्यांना हातभार लावायचा असेल त्यांनी खजिनदारांकडे नाव द्यावे. समितीची बैठक येत्या महिन्यात आहे, निर्णय तिथे होईल. दोन्ही नकाशे चहाच्या टेबलाशेजारी भिंतीवर लावले आहेत. कृपया चहा घेताना पाहून घ्या, आणि काही सुचले तर कडेला पेन्सिलीने लिहा. पेन्सिल दोरीला बांधलेली आहे.