मोत्याचे पाणी आणि त्याची निगा

सोलापूरला समुद्र नाही आणि वैशाखातल्या आपल्या हवेत नावालाही ओलावा नसतो. तरी इथल्या लग्नात नथ लागते ती मोत्याचीच. पंढरपुरात नवरात्रात विठ्ठल-रखुमाईला जुने अलंकार चढतात, त्यांत मोत्यांच्या कंठ्या असतात. हैदराबादला गेलेला माणूस चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत शिरला, की एखादा सर घेऊनच परततो. ही ओढ टिकली कशी, हा आजचा विषय. ‘पूर्वी मोती मिळत नसे, म्हणून त्याचे अप्रूप’ असे उत्तर सहसा दिले जाते. मला ते पटत नाही. माझे म्हणणे असे, की ही ओढ मोत्याच्या पाण्याची आहे, आणि ते पाणी इतके नाजूक असते की निगा हा मोत्याच्या मोलाचाच भाग धरावा लागतो.

दुर्मिळतेची परीक्षा इतिहासानेच घेऊन ठेवली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या आखातातला मोती, आपण ज्याला बसऱ्याचा म्हणतो तो, मुंबईच्या बाजारात येई आणि तिथून पॅरिस-लंडनला जाई. १९१७ साली कार्तिए या जवाहिऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची एक हवेली घेतली, ती मोत्यांची एक दुपदरी माळ आणि वर १०० डॉलर देऊन. माळेची किंमत तेव्हा १० लाख डॉलर धरली होती. तिकडे जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्येच शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवला होता. पुढे गोल मोतीही साधला आणि १९२० नंतर तो युरोपच्या बाजारात आला. १९३० च्या सुमारास नैसर्गिक मोत्याचे भाव कोसळले, आणि १९५७ साली तीच कार्तिएची माळ लिलावात दीड लाख डॉलरच्या आसपास गेली. मोत्याचे सारे आकर्षण दुर्मिळतेत असते, तर तो तेव्हाच कालबाह्य व्हायला हवा होता. झाले उलटेच. जी नथ, ज्या कुड्या, जी चिंचपेटी कालपर्यंत सरदार-सावकारांच्या घरची होती, ती कारकुनाच्या आणि गिरणीकामगाराच्या घरच्या लग्नातही आली.

यावर कोणी बडोद्याचा दाखला देईल. खंडेराव गायकवाडांच्या खजिन्यातल्या सातपदरी मोतीहारातले ६८ मोती उरले आणि त्यांचा दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरवर गेला. मग दुर्मिळतेला किंमत नाही असे कसे म्हणता? किंमत आहेच, पण ती संग्राहकाची किंमत. तिच्यावरून लिलावाचा भाव कळतो. सोलापुरातली एखादी मुलगी आजीची नथ मोडायला तयार का होत नाही, ते कळत नाही. त्या नथीतले मोती बारीक असतात, आकाराने सारखेही नसतात आणि सराफाच्या तराजूवर त्यांचे वजन जेमतेम भरते. पण त्यांना पाणी असते.

हे पाणी म्हणजे काय, हे समजले की निगेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. मोती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे रसायन म्हणून पाहिले तर खडू आणि संगमरवर ज्या कुळातले त्याच कुळातला. फरक रचनेत. अर्ध्या मायक्रॉनहून क्वचितच जाड असे त्याचे पापुद्रे भिंतीतल्या विटांसारखे एकावर एक बसतात आणि मधल्या सांध्यांत प्रथिनाचा पातळ थर व थोडे पाणी असते. पापुद्र्याची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासची, म्हणून काही प्रकाश वरून परततो, काही आतल्या थरांवरून, आणि दोन्ही मिसळून ती आतून आल्यासारखी झाक दिसते. हिऱ्याला पैलू पाडावे लागतात. मोती शिंपल्यातूनच तेज घेऊन येतो. पण ते सारे वरच्या काही थरांत असल्यामुळे नुकसानही तिथूनच सुरू होते. आम्ल लागले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. लिंबू आणि चिंच तर सोडाच, घामही किंचित आम्लच असतो. मोसच्या मापात मोत्याचा कठीणपणा अडीच ते साडेचार, आणि रस्त्यावरच्या धुळीतल्या वाळूचा सात. म्हणून धूळ बसलेला मोती कोरड्या फडक्याने घासणे म्हणजे त्याच्यावर चरे पाडणे.

आता आपल्या घरांकडे पाहू. सोन्याचे दागिने उजळायचे म्हणून रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकतात. त्याच भांड्यात मोत्याची नथ जाते आणि बाहेर निघते ती निस्तेज होऊन. लग्नात आधी दागिने चढतात, मग पावडर, अत्तर आणि केसांवरचा फवारा. नथ ओठांशी आणि घामाशी सर्वांत जवळ, त्यामुळे सगळा थर तिच्यावर बसतो. नथीचा मोती भिंगाखाली धरा. सोन्याची तार जिथे मोत्यात शिरते तिथे काळपट कडा दिसते, आणि मोत्याचे झिजणे बहुधा त्या भोकापासूनच सुरू होते. उपाय साधा आहे: मोती सर्वांत शेवटी घालायचा, सर्वांत आधी उतरवायचा, आणि डबीत ठेवण्यापूर्वी मऊ मलमल साध्या पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, तिने अलगद पुसायचा. तन्मणीला मात्र पाणी जपूनच. सर रेशमात ओवलेला असतो आणि भिजलेले रेशीम ताणले जाते. मधले पदक, म्हणजे खोड, कुंदनकामाचे असेल तर आतल्या लाखेला आणि खड्याखालच्या वर्खाला पाणी सोसत नाही.

मग दागिना लॉकरमध्येच बरा, असा व्यवहारी आक्षेप येतो. चोराच्या दृष्टीने बरा; मोत्याच्या दृष्टीने तितकासा नाही. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे पडलेला मोती आतला ओलावा गमावतो आणि त्याला बारीक तडे जाऊ शकतात. ‘अंगावर घातला की मोती जिवंत राहतो’ हे जुन्या बायकांचे म्हणणे या अर्थाने खरे आहे, पण अर्धेच. रोज घामात राहिलेले मोती मानेच्या बाजूने झिजून पिंपाच्या आकाराचे झालेले आढळतात. घालावा, पण पुसावा. सर एकदोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून गाठवूनही घ्यावा. दोन मोत्यांमध्ये गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि धागा तुटला तरी निसटतो तो एकच. पटवेकरी हल्ली शोधावे लागतात, ही मला मोत्याच्या भावापेक्षा मोठी काळजी वाटते.

आणखी एक आक्षेप: मोडीत मोत्याला कोण विचारतो? खरे आहे, मोत्यात गुंतवणूक करू नये. पण जे मोडता येत नाही ते पिढ्यान्‌पिढ्या घरात राहते, हेही खरे. सोन्याच्या पाटल्या अडीअडचणीला गेल्या, कुड्या राहिल्या, असे आपल्याकडे घरोघर घडले आहे. शेवटचा आक्षेप असा, की आजचे मोती चीनच्या तळ्यांतले नाहीतर जपानी शेतीतले, स्वस्त; त्यांचे इतके कशाला करायचे? इथे हिशेब उलटा आहे. बसऱ्याचा मोती जवळपास गाभ्यापर्यंत थरांचाच असतो. वरचा थर निस्तेज झाला, तर निष्णात कारागीर तो सोलून खालचा उजळ थर कधीकधी काढू शकतो. जपानी पद्धतीने पिकवलेल्या मोत्याच्या पोटात शिंपल्याचाच घडवलेला मणी असतो आणि वर मोत्याचा थर पुष्कळदा अर्धा मिलिमीटरही नसतो. तो झिजला की खाली मणीच दिसतो. सोलायला काही उरत नाही. जास्त जपायचा तो हा स्वस्त मोती.