शस्त्रक्रिया एका दिवसाची, शुश्रूषा घरची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कर्करोगाची शस्त्रक्रिया सकाळी व्हावी आणि त्याच संध्याकाळी बाईने घरी परतावे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. काहींना तो निष्काळजीपणाही वाटतो. मी परिचारिकेचे काम केलेले असल्यामुळे ही शंका मला नेहमी विचारली जाते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयाने २०१६ साली याच कामासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. स्तन, थायरॉइड, गर्भाशय यांच्या मोठ्या शस्त्रक्रिया तेथे होतात आणि रोगी त्याच दिवशी, नाही तर एक रात्र राहून घरी जातात. हे कशाने साधले? भूल आता लवकर उतरते. मळमळ होऊ नये म्हणून आधीच औषध देतात. पुष्कळ शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, लहान छेदांनी होतात. रोग्याला लवकर उठवून चालवतात. अर्थात हृदयाचे किंवा फुप्फुसाचे दुखणे असलेल्या प्रत्येकाला हे मानवेल असे नाही. निवड डॉक्टरांनीच करायची.

ही कल्पना अगदी नवी नव्हे. ग्लासगोचे डॉ. जेम्स निकोल यांनी १९०९ साली, मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लगेच घरी पाठवल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशा शस्त्रक्रिया ८,९८८ झाल्या होत्या! त्यांचा भरवसा होता तो घरी मुलांना सांभाळणाऱ्या आयांवर.

पण आई स्वतःच आजारी पडली, तर तिला कोणी सांभाळायचे? आपल्याकडे ‘घरी आली म्हणजे बरी झाली’ असे समजून दुसऱ्याच दिवशी तिच्या हाती पोळपाट-लाटणे देतात. भगिनींनो, रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, तरी जखम भरायला लागणारे दिवस कमी झालेले नाहीत. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा बगलेजवळ एक नळी असते. तिच्या डबीत साठलेले पाणी ठरल्या वेळी मोजून लिहून ठेवावे लागते. हाताचे व्यायाम सांगितल्याप्रमाणेच करायचे, जड उचलायचे नाही. ताप आला, दम लागला, जखमेपाशी एकाएकी सूज आली किंवा रक्त वाढले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयाला कळवायचे.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या आळीत अशी कोणी बाई घरी आली, की मंडळाने पाळी लावावी: एकीने डबा द्यावा, एकीने मुले पाहावी, एकीने पहिली रात्र तिच्याजवळ झोपावे. आणि घरच्या पुरुषांनी नळीची डबी रिकामी करायला शिकावे. त्यात अवघड काही नाही.