पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि आपला शिक्षणनिधी

(नरखेड येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षणनिधीचा वार्षिक वृत्तांत ह्या व्यासपीठावरून सादर करण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. किती मुले वैद्यकीस गेली, किती अभियंते झाली, हे आम्ही वाचून दाखवावे व आपण टाळ्या वाजवाव्यात, असा क्रम ठरून गेला आहे. आज तो मोडून आम्ही एका अर्जाविषयी बोलणार आहोत. तो अर्ज समितीने नामंजूर केला होता आणि समितीत आम्हीही होतो.

काही वर्षांपूर्वी जाम नदीच्या काठच्या एका गावातील मुलीने निधीकडे साहाय्य मागितले. पदवी परीक्षेत तिचे गुण उत्तम होते. वडिलांची शेती पाच एकर, त्यात संत्र्याची बाग. आणि त्या वर्षी आंबिया बहाराची फळगळ होऊन बागेचे काहीच हाती लागले नव्हते. अभ्यासक्रमाच्या रकान्यात तिने 'प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व, एम्. ए.' असे लिहिले होते. समितीत कोणी विचारले, ''हे शिकून पोरगी करणार काय?'' दुसरे कोणी म्हणाले, ''खापरे वेचणार.'' सारे हसले. आम्हीही हसलो. नियमावलीत 'व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणासाठी' असे शब्द होते. त्यांवर बोट ठेवून अर्ज परत केला. पुढे त्या मुलीने दोन वर्षे एका खासगी शाळेत तुटपुंज्या वेतनावर शिकविले, पैसा पैसा जोडला आणि मग एम्. ए. ला प्रवेश घेतला.

गेल्या वर्षी कार्यालयातील जुनी दप्तरे लावताना त्या अर्जासोबत जोडलेले एक हस्तलिखित पान आमच्या हाती लागले. निर्णयाच्या दिवशी ते कोणीच वाचले नव्हते. तिने लिहिले होते की, आमच्या शिवारात एक रिठ आहे. गाव केव्हा उठले ते कोणास ठाऊक नाही. तेथली पांढरी माती लोक गाड्या भरभरून शेतात टाकतात आणि त्या मातीतून काठाला काळी व बुडाला तांबडी अशी खापरे निघतात. तशीच खापरे नागपूरच्या अजबखान्यात पाहिली, तेव्हा आमचे रिठ किती जुने असावे, हे शोधून काढावे असे वाटले.

बंधूंनो, काळी आणि पांढरी हे शब्द आपल्या बोलण्यात रोज येतात. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आपल्या तालुक्यातील गावांची सरकारी यादी उघडून पाहिली तर कित्येक नावांपुढे कंसात 'रिठी' असा शब्द आढळतो. ही सारी उठलेली गावे. त्यांच्या जागांना पुरातत्त्वाचे लोक वसतिस्थाने म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी देशोदेशी फिरतात. आपण त्यांचे खत केले. हा दोष कोणाचा नाही, कारण ते काय आहे हे आपल्याला सांगणारे आपल्यात कोणी नव्हते.

ह्या भूमीत काय दडलेले आहे, ह्याची थोडी कल्पना यावी म्हणून काही नावे घेतो. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कारनॅक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने उकरून पाहिली होती. १९६१-६२ मध्ये बा. के. थापर ह्यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पुढे शां. भा. देव ह्यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा व माहूरझरी येथे खणले, तेव्हा लोखंडाची हत्यारे आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. आपल्या पश्चिम सीमेवरून वाहणारी वर्धा पुढे ज्या कौंडिण्यपुराला वळसा घालते, तेथील प्राचीन वस्तीही उत्खननातून उजेडात आली आहे. रामटेकजवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ ह्या काळात झालेल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा मिळाली. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन ह्याचा एक ताम्रपट कोठे सापडला म्हणाल, तर येथून हाकेच्या अंतरावरील पांढुर्ण्यास! तो वाचला नागपुरात संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी. पांढुर्ण्याचा ताम्रपट आहे, मुलताईचा आहे. आपल्या तालुक्याचे पान मात्र जवळजवळ कोरे आहे. ते कोरे आहे ह्याचा अर्थ येथे काही नाही असा नव्हे. येथे कोणी पुरेसे हिंडलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोर्शीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या कुशीत, धारूळच्या बाजूचे चित्रित शैलाश्रय २००७ मध्ये अमरावतीच्या वि. तु. इंगोले आदी हौशी मंडळींनी पायी हिंडून शोधले, तोवर त्यांची वार्ता विद्वानांसही नव्हती. (येथे एक विनंती. हे ऐकून उद्या कोणी फावडे घेऊन रिठावर जाऊ नये. परवान्यावाचून खणणे कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि वस्तू एकदा मातीतून उचलली की तिची निम्मी साक्ष जाते.)

आता पैशाकडे वळू, कारण तोच आजचा विषय आहे. 'ह्या विद्येला पैसा नाही' अशी आमची ठाम समजूत होती. चौकशी केल्यावर ती निम्मी खोटी ठरली. पैसा आहे, परंतु तो जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, जिला मुले नेट म्हणतात, पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. तीत कनिष्ठ संशोधनवृत्ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, अशी एकूण पाच वर्षे मिळतात, घरभाडे वेगळे. अभियंत्याचा बाप असलेल्या किती जणांनी आपल्या मुलाचा पहिला पगार ह्याच्याशी ताडून पाहिला आहे? भारतीय इतिहास संशोधन परिषद, जी १९७२ मध्ये स्थापन झाली, पीएच्. डी. करणाऱ्यांस वृत्ती देते. ती रकमेने लहान असली तरी नेटमध्ये थोडक्यात हुकलेल्यांना मोठा आधार होते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती तर नाणी, शिलालेख, वास्तुजतन अशा विषयांवर काम करणाऱ्यांसही मिळू शकते. इतर मागासवर्गीयांच्या संशोधक मुलांसाठी २०१९ मध्ये स्थापन झालेल्या महाज्योती संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. शेजारच्या समाजांच्या मुलांसाठी बार्टी व सारथी आहेत.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वाधिक मोलाची वाटली ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची पदव्युत्तर पदविका. १९५९ मध्ये खात्याने जी पुरातत्त्वशाळा काढली, तिचेच आजचे रूप म्हणजे ग्रेटर नोएडा येथील पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जागा अवघ्या पंधरा, आणि निवड झालेल्यास दरमहा विद्यावेतन. विद्यार्थ्याला प्रत्यक्ष उत्खननावर नेतात, मोजणी, रेखाटन, छायाचित्रण सारे हाताने करवून घेतात. इतिहासाच्याच नव्हे, तर संस्कृत, पाली, प्राकृत, अरबी, फारसी आणि भूशास्त्र ह्या विषयांच्या एम्. ए., एम्. एस्सी. झालेल्यांनाही तेथे वाट मोकळी आहे. पाली शिकणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितले आहे काय? त्याच खात्याची प्रागैतिहास शाखा, उत्खनन शाखा आणि अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरात आहे. आपली मुले तिच्या दारावरून रोज जातात.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. अनुसूचित जाती, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर अशा कुटुंबांतील मुलांसाठी केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे. परंतु २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा व इतिहास ह्यांवरील संशोधन तीतून वगळले. तिच्या भरवशावर कोणी बेत आखू नये.

मग अडते कोठे? अडते एम्. ए. च्या दोन वर्षांत आणि त्यानंतरच्या एका वर्षात. पावसाळा सरला की उत्खननाचा हंगाम सुरू होतो; विद्यार्थ्याला शिबिरास जावे लागते. गाडीभाडे, राहणे, बूट, वह्या, नकाशे. हा खर्च फार नसतो, पण ज्या घरात बहार गेला त्या घरात तो नसतोच. एम्. ए. झाल्यावर नेटची आणि पदविकेची तयारी करण्यास वर्ष लागते. त्या वर्षात एक दमडीही कोणी देत नाही. घरचे म्हणतात, आता नोकरी धर. मुलगी असेल तर आणखी काय म्हणतात, हे ह्या सभेत सांगावयास नको. शिडीच्या वरच्या टोकाला ३७,००० रुपये लटकत असतात आणि खालच्या दोन पायऱ्याच नसतात.

त्यात कागदपत्रांचा फेरा. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला केंद्रासाठी वेगळ्या नमुन्यात लागतो व राज्यासाठी वेगळ्या. चुकीचा नमुना जोडल्याने सवलत गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. जातवैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात असतो. हे काम तर मंडळाने पैशावाचून करण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, लोकवर्गणीतून पुरातत्त्व कोठे चालते काय? चाललेले आहे. सर रतन टाटा ह्यांनी दरसाल २०,००० रुपये देऊ केले, म्हणून १९१३ मध्ये पाटलिपुत्राचे उत्खनन सुरू झाले. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायण ह्यांच्या देणगीतून नागपुरात तंत्रविद्येची संस्था उभी राहिली, हे आपण सर्व जाणतो. ते मोठे धनिक होते, आपण नाही, हे खरे. पण आपण उत्खनन करावे असे आम्ही म्हणतच नाही. आपण एका मुलाचे किंवा मुलीचे वर्ष वाचवावे, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नोकऱ्या थोड्या. होय, थोड्या आहेत. सर्वेक्षण खाते, राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, विद्यापीठे आणि संग्रहालये सोडली तर फारसे क्षेत्र नाही, आणि त्यांतही कंत्राटी कामे पुष्कळ. आम्ही कोणासही खोटी आशा दाखविणार नाही. मात्र अभियांत्रिकीच्या पदव्या घेऊन घरी बसलेली मुले ह्या मांडवातही आहेत. त्यांच्या अर्जांवर आपण कधी हसलो नाही. आणि शेतकऱ्याच्या पोराला प्राचीन विद्या काय करावयाची, असे म्हणणाऱ्यांना आम्ही डॉ. पंजाबराव देशमुखांची आठवण देतो. शेतकऱ्यांचा तो कैवारी विलायतेत ज्या प्रबंधावर डॉक्टर झाला, त्याचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा होता.

तेव्हा आमचा ठराव असा आहे. नियमावलीतील 'व्यावसायिक व तांत्रिक' हे शब्द काढून टाकावे. एम्. ए. करणाऱ्यांस शिबिराचा प्रत्यक्ष खर्च द्यावा. आणि एम्. ए. नंतरच्या तयारीच्या वर्षासाठी दोन विद्यार्थ्यांस दरमहा ५,००० रुपये द्यावे. ह्याचे वर्षाचे १,२०,००० रुपये होतात. आजच्या ह्या मांडवाचा व जेवणावळीचा अंदाज कोषाध्यक्षांकडून आम्ही मागून घेतला आहे. तो ह्याहून अधिक आहे. पंगतीत एक गोड पदार्थ कमी केला तर चालेल की नाही, हे भगिनीवर्गाने ठरवावे. पहिल्या दोन महिन्यांची रक्कम आम्ही स्वतः आज भरीत आहोत. तिला दान म्हणू नये. तो दंड आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. ती एम्. ए. झाली. नेटमध्ये अध्यापनाची पात्रता मिळाली, संशोधनवृत्ती थोड्या गुणांनी हुकली. पुन्हा परीक्षेस बसणार आहे. तोवर शिकवण्या घेते आणि रविवारी वहीपेन्सिल घेऊन रिठी गावांच्या पांढऱ्या नकाशावर नोंदते. जलालखेड्यापासून मोवाडपर्यंतची नदीकाठची रिठे तिने पायांखाली घातली आहेत. दिवाळीत जुने पान परत देण्याच्या निमित्ताने आम्ही तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, ''बेटा, मंडळाकडे पुन्हा अर्ज कर.'' तिने चहा पुढे ठेवला आणि विचारले, ''काकाजी, नियम बदलला का?''

आम्हांस उत्तर देता आले नाही. ठराव कार्यवाहांच्या हाती दिला आहे. मतास टाकण्यात यावा. मंजूर झाल्यास अर्जाचे नमुने भोजनापूर्वी येथेच वाटले जातील, आणि पहिला नमुना घेऊन आम्ही आज सायंकाळीच त्या गावी जाऊ.