संक्रांतीचं वाण कुणाकुणाला



उद्या भोगी, परवा संक्रांत. मंडईत गाजरं, पावटा, सोलाणे, बोरं आणि उसाची कांडकी यांचे ढीग लागलेत आणि कुंभाराच्या हातगाडीवर सुगडी मांडलेली आहेत. या दिवसांत एक प्रश्न हमखास कानावर येतो. संक्रांतीत आता धर्म उरलाय तरी किती? काळी साडी, हलव्याचे दागिने, फोटो, सोसायटीच्या हॉलमधलं हळदीकुंकू आणि वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा. विचारणारा बहुतेक वेळा खंतावलेला असतो, कधी नुसता कुतूहलानं विचारत असतो. आज त्याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचं उत्तर साडीच्या रंगात किंवा डब्याच्या किमतीत शोधू नये असं मला वाटतं.

आधी सणाचा स्वभाव पाहू. मराठी घरातल्या संक्रांतीला मूर्ती आणावी लागत नाही, प्रतिष्ठापना करावी लागत नाही, गुरुजींची वेळ घ्यावी लागत नाही. सगळं घरातल्या बायकांच्या हातानं होतं. सुगडांना हळदकुंकवाची बोटं ओढायची, गळ्याशी दोरा गुंडाळायचा, आत हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरं, उसाचे करवे, गाजराचे तुकडे, तीळ भरायचे आणि देवापुढं पाटावर ठेवायची. शेतात त्या आठवड्यात जे पिकलेलं असतं, तेच देवापुढं येतं. मंत्र येत नसला तरी काही अडत नाही. पंढरपुरात मात्र त्या दिवशी रुक्मिणीमातेला ओवसायला बायकांची रीघ लागते. तिथंही प्रत्येकीच्या हातात घरूनच भरून आणलेलं वाण असतं.

म्हणजे हा धर्म घरचा आहे. घरानं तो चालवलाय आणि घरानंच तो वेळोवेळी बदललाय.

तारखेचंच पाहा. आज 12 जानेवारी, स्वामी विवेकानंदांची जयंती. 1863 साली ते जन्मले, तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आता संक्रांत 14 ला येते, कधी 15 ला. सूर्याचं उत्तरायण प्रत्यक्षात सुरू होतं ते 21-22 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी. सुमारे 1700 वर्षांपूर्वी तो दिवस आणि मकर संक्रांत एकाच वेळी येत असत. मग पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गतीमुळं साधारण 70-72 वर्षांना एक दिवस असं हे अंतर वाढत गेलं आणि आज ते तीन आठवड्यांहून जास्त झालंय. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका 1957 पासून लागू झाली. तिच्यात पौष 1 हा 22 डिसेंबरला येतो, म्हणजे आकाशातल्या उत्तरायणाला धरून. घराघरांतली संक्रांत मात्र नक्षत्रांना धरून चालणाऱ्या निरयन पंचांगावरच राहिली. थोडं वेगळं गणित असलेलं टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत तर ती 10 तारखेलाच होऊन गेली. एकाच गल्लीत, एकाच कुळात दोन तारखांना संक्रांत होते आणि दोन्ही घरांतली माणसं एकमेकांकडं तिळगूळ घेऊन जातात. त्यावरून कुणी भांडल्याचं मी ऐकलेलं नाही. तारखेच्या बाबतीत आपण इतके मोकळे आहोत, हे पुढच्या बोलण्यासाठी लक्षात असू द्या.

दोन शतकांपूर्वी पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यांनी ‘धर्मसिंधू’ लिहिला. आजही व्रतवैकल्यांचा निर्णय त्यात पाहतात. संक्रांतीबद्दल अशा ग्रंथांचा भर आहे तो पुण्यकाळावर, स्नानावर, तिळावर आणि दानावर. थंडीच्या ऐन भरात तीळ अंगाला लावावेत, खावेत, द्यावेत. सणाचा गाभा देण्यात आहे. घेणारा कोण असावा, ही गोष्ट पुढं रूढीनं ठरवली.

आणि रूढीनं एकाच दिवशी दोन वेगवेगळे निकाल दिले. तिळगुळाच्या बाबतीत तिनं कुणालाच वगळलं नाही. लहान मूल थोरांच्या हातावर तिळगूळ ठेवून पाया पडतं, सून सासऱ्याला देते, गडी मालकाला देतो, वर्षभर अबोला धरलेला भाऊ भावाच्या दारात येतो. शेजारच्या मुसलमान घरी डबा जातो, ख्रिस्ती घरी जातो. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणताना समोरच्याचं कपाळ कुणी पाहत नाही. हळदीकुंकवाच्या बाबतीत मात्र कपाळच पाहिलं जातं. नवरा आहे ती सवाष्ण, तिला बोलावणं. नवरा गेला तिला नाही. सकाळी जिच्या हातचा तिळाचा लाडू सगळ्यांनी खाल्ला, ती संध्याकाळी बैठकीतून उठून आत जाते.

माझी एक आत्या होती. सगळे तिला आक्का म्हणत. घरात नवी सून आली किंवा बाळाचं पहिलं बोरन्हाण असलं की हलवा आक्काच करायची. विकतचा हलवा तिला चालत नसे. पहाटे, थंडी सर्वांत कडक असताना, ती शेगडीत निखारे बेताचे ठेवून वर परात चढवायची. परातीत मूठभर तीळ किंवा खसखस. शेजारी साखरेचा एकतारी पाक. त्यातला चमचाभर पाक दाण्यांवर सोडायचा आणि लगेच बोटांनी दाणे फिरवत राहायचं. हात थांबला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर पाक पिवळा पडतो. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं दिवसेंदिवस चालायचं. दाणा हळूहळू पांढरा होत जायचा आणि मग हवेत कोरडा गारठा असला की त्याच्यावर बारीक काटा फुटायचा. बोटांची टोकं लाल झालेली असायची, पण परातीवरून तिची नजर हलायची नाही. मग सुईदोरा घेऊन ती दागिने ओवायला बसायची. हार, बाजूबंद, बिंदी, बांगड्या आणि मंगळसूत्र. काळ्या साडीवर ते पांढरं मंगळसूत्र इतकं खुलायचं की बायका हातात घेऊन पाहत.

संध्याकाळी हळदीकुंकू सुरू झालं की आक्का माजघरात असायची. तिला कुणी जा म्हणायचं नाही. म्हणायची गरजच नव्हती. सगळं इतकं मुरलेलं होतं की तीच आधी उठायची, आणि नव्या सुनेला ते मंगळसूत्र घालण्याचा मान दुसऱ्या कुणाला तरी मिळायचा. घरात सगळे तिच्यावर प्रेम करत होते. माणसं चांगली होती, जिव्हाळा खरा होता आणि तरीही हे घडत होतं, म्हणून मला याचं जास्त दुःख वाटतं. दुष्टपणाशी भांडता येतं. सवयीशी भांडायचं तर आधी ती दिसावी लागते.

यावर कुणी म्हणेल की हा धर्माचाच नियम आहे, त्यात ढवळाढवळ कशाला? त्यांना मी आपल्याच घरातल्या दुसऱ्या नियमाची आठवण करून देईन. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, तिथं दिवाळीचा फराळ करत नाहीत. पण त्या घराला फराळाशिवाय कुणी ठेवतं का? शेजारून चकल्या येतात, बहिणीकडून लाडू येतात, मामेसासूबाई चिवड्याचा डबा घेऊन स्वतः येऊन बसतात. दुःखातल्या घराला सणातून सुटू द्यायचं नाही, त्याचा वाटा त्याच्या दारात नेऊन द्यायचा, हीही आपलीच रीत आहे आणि तिलाही धर्मच म्हणतात. गोव्यात आणि वसईत नाताळचा फराळ ख्रिस्ती घरातून शेजारच्या हिंदू घरी जातो, दिवाळीत उलट दिशेनं येतो. थंडीच्या दिवसांतल्या सणांना ही ओढच असते, की जवळचं कुणी बाहेर राहू नये. मग जिच्या घरातला माणूस गेला तिलाच संक्रांतीला आत बसवणारी रीत या दुसऱ्या रीतीपुढं टिकते कशी?

हे आता बोलून दाखवलं जातंय, ही समाधानाची गोष्ट आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. कोविडच्या साथीत राज्यभर कितीतरी तरुण बायकांचे नवरे गेले. त्यानंतर मे 2022 मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. 17 मे 2022 ला राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्या वाटेनं जायला सांगितलं. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता मिळाली होती 1856 साली. धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं ते 1893 मध्ये, आणि मुरूड या त्यांच्या गावानं त्यांना वाळीत टाकलं. कायद्याच्या मानानं बांगडीचा प्रश्न बारीक वाटेल. पण बाई रोज उठून आपलाच हात पाहते, आणि त्या हातावर काय असावं हे दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं.

ठरावानं सगळं होत नाही. ग्रामसभा मृत्यूच्या दिवशी काय करू नये ते सांगू शकते. संक्रांतीला कुणाला बोलवावं, हे मात्र कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतच ठरतं. आणि तिथं आजचं कुटुंब पूर्वीपेक्षा जास्त मोकळं आहे. सासू, सून, मुलगी एकत्र बसून बोलावण्यांची यादी करतात. एखाद्या घरात सून केरळची ख्रिस्ती असते, एखाद्या घरात मुलगा देव मानत नाही पण भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी सोडत नाही. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत हळदीकुंकू सोयीच्या शनिवार-रविवारी होतं, बाहेर बर्फ असतं, बोरं मिळत नाहीत म्हणून बोरन्हाणाला चॉकलेटं उधळतात. यानं सण पातळ होतो असं मला वाटत नाही. आपण तारखा बदलू दिल्या, वाणात कुंकवाच्या करंड्याच्या जागी कापडी पिशवी, रोप, पुस्तक येऊ दिलं. एवढं सगळं बदलून धर्म बुडाला नाही, तर निमंत्रणाच्या यादीत एक नाव वाढल्यानं तो बुडेल कसा?

काही घरांत हे नाव वाढलेलंही आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात नातवाचं बोरन्हाण होतं. आजोबा वर्षापूर्वीच गेलेले. आजींनी सवयीनं स्वयंपाकघर धरलं होतं. सुनेनं आत जाऊन त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “आई, पहिली ओंजळ तुमची.” आजी म्हणाल्या, “अगं, लोक काय म्हणतील?” सून म्हणाली, “लोक आधीच पोरांना घेऊन बोरं वेचायला बसलेत.” आजींनी बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओंजळीत घेतले आणि बाळाच्या डोक्यावर सोडले. पोरांचा गलका झाला. मग हळदीकुंकवाची कुयरी फिरली तेव्हा सुनेनं प्रत्येकीला विचारलं, लावू का? दोघीतिघींनी नुसती हळद घेतली, एकीनं काहीच घेतलं नाही, आजींनी दोन्ही घेतलं. वाण सगळ्यांना एकच. असं विचारणं मला फार महत्त्वाचं वाटलं. ज्यांना कुंकू लावून घ्यायचं नाही त्यांच्यावर तेही लादायचं नाही. कुणाची श्रद्धा जुन्या वळणाची असते, कुणाचं दुःख ताजं असतं. तिनं हो म्हटलं काय आणि नको म्हटलं काय, वाण तिचंच आहे आणि बैठकीतली जागाही तिचीच आहे.

दरवर्षी या सुमारास आणखी एक गोष्ट फोनवर फिरते. यंदा संक्रांतीचं वाहन अमुक आहे, तिनं अमुक रंगाचं वस्त्र नेसलंय, म्हणून तो रंग वापरू नका, आणि अमक्यांना ही संक्रांत वाईट. पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षं सांगत आलेत की संक्रांत अशुभ नसते. असे निरोप आले की पुढं पाठवू नका, एवढीच विनंती. दिवस मोठा होत जाण्याचा हा सण आहे, त्यात बायकांच्या मनात भीती घालण्याचं काही कारण नाही.

हळदीकुंकू काही एका संध्याकाळचं नसतं. ते रथसप्तमीपर्यंत चालतं. तेव्हा बोलावण्यांना अजून अवधी आहे. तुमच्या मजल्यावर, वाड्यात, आळीत जी बाई गेली काही वर्षं “तुमचं होऊ दे, मी नंतर येते” म्हणते, तिच्या घरी भोगीच्या भाजीची वाटी उद्याच पाठवा, आणि ती द्यायला जाल तेव्हाच तिला हळदीकुंकवाचं आमंत्रण द्या. फोनवर नको, दारात जाऊन द्या, आणि वेळही तिच्या सोयीची विचारून घ्या.

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला.