पद्मिनीचा कार्बोरेटर काढला, त्याची गोष्ट

आजचा भाग जरा पेट्रोलच्या वासाचा आहे. ज्यांनी आयुष्यात कधी चोक ओढला नाही, त्यांनाही कळेल असं सांगतो.

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८० सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगला लागून. मुंबईकरांनी हीच गाडी काळ्यापिवळ्या रंगात पाहिली असेल. त्या टॅक्स्या २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आमची पांढरी आहे, आणि महाहट्टी.

मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना ती हमखास बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थांबायचं. लहानपणी मला ती सहल वाटायची. दोन वर्षांपूर्वी मात्र ऐन वळणावर बंद पडली. मी स्टीअरिंगवर, मागे ट्रक, आणि बहात्तर वर्षांचे बाबा चाकामागे दगड लावायला खाली उतरलेले. आरशात ते दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन म्हटलं, "बाबा, आता फ्युएल इंजेक्शन बसवूया." बाबा म्हणाले, "अरे, कार्बोरेटर काढलास तर तिच्यात उरलं काय?"

आता घाटात होतं काय, ते बघा. जुना पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, वर इंजिनची उष्णता. पेट्रोल नळीतच उकळतं आणि पंपाच्या हाताला नुसती वाफ लागते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. इंजेक्शनमध्ये इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ असतो. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. आणि उरलेलं दुसऱ्या नळीने टाकीत परत जातं. म्हणजे पेट्रोल सतत फिरतं, एका जागी तापत बसत नाही.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा. कार्बोरेटर हवेच्या ओढीवर चालतो आणि त्यातल्या जेटचं भोक ठरलेलं असतं. नुसत्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. १९८० सालच्या जेटला हे कोण सांगणार? इंजेक्शनमध्ये सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो धूर "चाखतो" आणि इंधन कमी-जास्त करायला सांगतो.

सामान असं जमवलं. भंगारातून एका जुन्या छोट्या गाडीची थ्रॉटल बॉडी. कार्बोरेटरच्या जागी ती बसावी म्हणून लेथवाल्या काकांकडून ॲल्युमिनियमची प्लेट बनवून घेतली आणि इंजेक्टर त्यातच बसवला. क्रँकच्या पुलीवर ३६ दातांपैकी एक दात गाळलेलं चाक लावलं. ती रिकामी जागा सेन्सरसमोरून गेली की इंजिन नेमकं कुठे आहे ते ईसीयूला कळतं. ईसीयू म्हणजे स्पीडुइनो. हो, कॉलेजच्या प्रोजेक्टला वापरता तो आर्डुइनोच! तो मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनचे फेरे आणि तापमान वाचतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो.

आता माझी चूक ऐका, कारण ती तुम्ही करू नये म्हणूनच हा भाग आहे.

कार्बोरेटरला तीन-चार पीएसआय दाब पुरतो. माझ्या इंजेक्टरला ३ बार, म्हणजे जवळपास ४३ पीएसआय. दहापटीहून जास्त! आणि मी शहाण्याने एका जोडावर जुनीच रबरी नळी ठेवली, "तात्पुरती" म्हणून. वर पंपाची वायर थेट चावीला जोडलेली. चावी फिरवली, नळी निसटली आणि पेट्रोलची पिचकारी सगळ्या इंजिनवर. चावी बंद करेपर्यंत पंप चालूच. इंजिन थंड होतं म्हणून वाचलो. बाबा काही बोलले नाहीत. आत जाऊन वाळूची बादली आणून शेजारी ठेवली आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. ते न बोलणं मला जास्त लागलं.

म्हणून नियम लिहून घ्या. नळ्या आणि क्लिपा इंजेक्शनच्याच दाबाच्या, इथेनॉलला टिकणाऱ्या. पंप रिलेमधून, आणि रिले ईसीयूच्या हाती: चावी दिल्यावर दोन सेकंद चालेल, इंजिन फिरत नसेल तर आपोआप बंद. धडक बसली की पंप तोडणारा इनर्शिया स्विच. आणि अग्निशामक नळकांडं हाताशी.

ट्यूनिंग आम्ही दोघांनी केलं. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. सासवडच्या रस्त्यावर ते मध्येच म्हणाले, "आता जड चाललीय, पेट्रोल जास्त होतंय." मी स्क्रीन पाहिली. आकडा साडेअकरा! पुढे तीन-चार वेळा असंच झालं. सेन्सर जे दाखवत होता, ते बाबांना आवाजावरून आणि वासावरून कळत होतं. त्या दिवसापासून कार्बोरेटर काढल्याबद्दलची त्यांची कुरकुर थांबली. मला वाटतं, गाडीला आपली अजून गरज आहे, हे त्यांना पटलं.

तुम्ही करावं का? आधी कार्बोरेटर उघडून साफ करा, पॉइंट आणि टायमिंग तपासा. बऱ्याच गाड्यांचं दुखणं तिथेच असतं आणि खर्चही कितीतरी कमी. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि असा बदल करा की परत फिरवता येईल. मी गाडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून शंकरपाळ्यांच्या डब्यात ठेवलाय. २०३० साली आमची पद्मिनी पन्नाशीची होईल, तेव्हा पुन्हा बसवायचा की नाही, ते बाबाच ठरवतील.

या मे महिन्यात खंबाटकी न थांबता चढलो. वर पोचल्यावर बाबा म्हणाले, "थांब जरा." काही बिघडलं नव्हतं. त्यांना चहा हवा होता.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!