आईच्या पाठीचं काय?

मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. मुलांविषयी आपण बोलतोच. आज मात्र त्यांच्या आईवडिलांविषयी थोडं बोलावं म्हणते.

झाडावरून पडणं, वाहनाचा अपघात, कधी मणक्याचा क्षय. कारण काहीही असो, मूल रुग्णालयात असेपर्यंत नातेवाइकांची रीघ असते, डबे येतात. खरं काम सुरू होतं ते घरी आल्यावर, आणि नेमकी तेव्हाच रीघ आटते.

हे काम केवढं, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. पायांना संवेदना नसल्यामुळे एकाच जागी दाब पडला तरी मुलाला कळत नाही आणि जखम होते. म्हणून रात्री साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. शौचाची वेळ ठरलेली. ती चुकली की सगळा दिवस विस्कटतो. आठ वर्षांचं मूल उचलणं जमतं. तेच तेराव्या वर्षी चाळीस किलोचं होतं, आईची पाठ मात्र तीच! गुळगुळीत, गोल कडांची फळी पलंग आणि खुर्चीच्या मध्ये ठेवून मूल सरकवता येतं. चांगला सुतार ती करून देतो. वापरायची कशी हे मात्र थेरपिस्टकडून शिकून घ्यावं.

भेटायला येणारे म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा हं.’ आई कधीच सांगत नाही. त्यापेक्षा ‘शनिवारी तीन ते पाच मी बसते, तुम्ही झोपा’ असं म्हणावं. त्यासाठी मावशीनं, आत्यानं थोडं शिकायला हवं. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि मुलाचं डोकं एकाएकी ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्याला लगेच बसतं करायचं, कपडे सैल करायचे, लघवी तुंबली आहे का, नळी मुडपली आहे का, ते पाहायचं. उतार पडला नाही तर तडक रुग्णालय गाठायचं. एवढं येणारं एक माणूस घरात आलं, तरच आईला डोळा लागतो.

आणि वडील? बहुतेक घरी ते पैशांची जुळवाजुळव करतात आणि अंगमेहनत आईकडे राहते. घरी सोडण्याआधी वडिलांनाही नळी घालायला शिकवा, असा माझा हट्ट असतो. थोडे लाजतात, मग शिकतात. निर्जंतुक नव्हे, नुसत्या स्वच्छ हातांनी, स्वच्छ नळीनं हे करता येतं, हे अमेरिकेतल्या डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. हात चांगले चालत असतील तर सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं स्वतःच शिकतात, आणि तासन्‌तास शाळेच्या फाटकाशी बसणारी आई मोकळी होते. २०१६ च्या कायद्यानं चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेत रॅम्प होतो, त्याचा फोटोही छापून येतो. स्वच्छतागृहाच्या दारातून मात्र व्हीलचेअर जात नाही. पालकसभेत हे इतर पालकांनी विचारावं. त्या आईनं एकटीनं किती भांडायचं?

आणखी एक. ‘कधी चालेल?’ हा प्रश्न कृपा करून दारात विचारू नका. त्याच धास्तीपोटी खात्रीच्या उपचाराची जाहिरात वाचून जमीन विकायला निघालेली घरं मी पाहिली आहेत.

आमच्याकडे जुन्या आणि नव्या पालकांना आम्ही एकत्र बसवतो. मध्यंतरी नुकत्याच आलेल्या एका आईला, वाटलं, उपचारांबद्दल विचारायचं असेल. तिनं शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, ‘रात्री गजर कितीचा लावता?’

‘बाराचा आणि चारचा माझा,’ त्या म्हणाल्या, ‘दोनचा यांचा.’