हात, सुई आणि पाणी



चंद्रभागेकाठच्या दर्यापुरात स्वागत समिती सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करते. शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातले शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मगाव. 1876 साली जन्मलेले बाबा गावात शिरले की आधी हाती झाडू घेत आणि कीर्तन मग रात्री करत. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीत कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले, तेव्हा कुष्ठरोग्याजवळ जायलाही लोक धजत नव्हते. अशा मुलखात रुग्णालयातील संसर्ग रोखण्याचा विचार करायला या परिषदेत आरोग्यसेवक जमले आहेत, याचा समितीला अभिमान आहे.

बरा व्हायला आलेला माणूस रुग्णालयातूनच नवा आजार घेऊन जातो, हे दुखणे जुने आहे. व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात एप्रिल 1847 मध्ये शंभरातल्या सुमारे अठरा बाळंतिणी दगावत होत्या. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले आणि जूनमध्ये हेच प्रमाण दोनवर आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत तातडीच्या उपचारांसाठी दाखल होणाऱ्या शंभर रुग्णांपैकी पंधरांना आजही रुग्णालयात किमान एक संसर्ग जडतो. श्रीमंत देशांत सातांना.

वऱ्हाडाने संसर्गाची झळ जवळून सोसली आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये करोनाची दुसरी लाट राज्यात सर्वांत आधी जाणवली, त्या भागांत अमरावती आणि अकोला होते. 22 फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. त्याआधी, एप्रिल 2020 मध्ये, मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात 26 परिचारिका आणि 3 डॉक्टर बाधित निघाले आणि ते रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र घोषित करावे लागले. सेवा देणाराच आजारी पडला की त्याची खाट वाढते आणि सेवेचे दोन हात कमी होतात.

साथ ओसरली, धोका मात्र रोजचाच आहे. रात्रपाळीला एकच सिस्टर आहे, एक बाई कळा देते आहे, दुसरीला इंजेक्शन द्यायचे आहे. इंजेक्शन झाले, सुईला पुन्हा कॅप लावायला गेली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात सुई रुतली. रुग्ण हिपॅटायटिस बी चा असेल आणि सिस्टरने लस घेतली नसेल, तर अशा शंभर प्रसंगांत 6 ते 30 वेळा संसर्ग होऊ शकतो. एचआयव्हीचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो. म्हणून कॅप लावायचीच नाही. सुई तिथल्या तिथे निडल कटरमध्ये जायला हवी. टोचलीच, तर जखम पिळत न बसता साबणपाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे. एचआयव्ही प्रतिबंधाचे औषध शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावे लागते. रागावतील या भीतीने सुई टोचल्याचे लपवले, तर हे मोलाचे तास हातचे जातात. त्यामुळे कळवणाऱ्यावर डाफरणारा वरिष्ठही संसर्ग वाढवतो, असे समितीचे स्पष्ट मत आहे.

दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे. इथल्या खाऱ्या विहिरीच्या पाण्यात साबणाला नीट फेस येत नाही, हे इथल्या कोणत्याही घरात विचारावे. रुग्णाच्या खाटेपाशी सॅनिटायझर असेल, तर 20 ते 30 सेकंदांत हात निर्जंतुक होतात. पण हाताला रक्त, पू किंवा मळ लागला असेल, तर साबण आणि पाण्याला पर्याय नाही. त्यासाठी 40 ते 60 सेकंद द्यावे लागतात. प्रसूतिगृहातला नळ कोरडा ठेवून भिंतीवर हात धुण्याचे पोस्टर चिकटवणे ही परिचारिकेची थट्टा आहे. गोड्या पाण्याची टाकी आणि कोपराने उघडणारा नळ हा औषधांइतकाच आवश्यक खर्च मानायला हवा.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मावशी आणि वॉर्डबॉय यांच्याबद्दल. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनची नळी लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न फाटणाऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात जायला हवी. ड्रेसिंग ट्रॉलीवरून कोणी सुई चुकून पिवळ्या पिशवीत टाकली, तर ती टोचते ती पिशवी उचलणाऱ्या मावशीला. तिला जाड हातमोजे, गमबूट आणि हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस मिळायलाच हवेत. ती कंत्राटी असली तरीही.

परिषदेत पुष्कळ शिकायला मिळेल. स्वागत समितीची एकच विनंती आहे: कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी आपल्या दवाखान्याचे लसीकरण रजिस्टर उघडावे. त्यात सफाई कर्मचाऱ्याचे नाव नसेल, तर ते त्याच दिवशी लिहावे आणि त्याच आठवड्यात त्याला पहिला डोस द्यावा.